शिवणीच्या वाडग्यावर उठावाची वेल: कामाच्या नोंदी

८ ऑक्टोबर : कच्ची घडण

ओला शिवणीचा ओंडका, व्यास ५२० मिमी. मधोमध चिरून दोन्ही फाळ्यांतून मधल्या मज्जेचा (खोडाच्या केंद्रातल्या मऊ भागाचा) २० मिमीचा पट्टा काढून टाकला. मज्जा वाडग्यात राहिली की वाळताना तिथून तडा जातोच, त्यामुळे इथे लाकडाची काटकसर करायची नाही. एका फाळीतून वाडगा काढला, तोंड गाभ्याकडे आणि बूड सालीकडे. बाहेरचा व्यास ४२०, उंची १५०, भिंत सगळीकडे ४२ मिमी, म्हणजे व्यासाच्या दहाव्या हिश्शाचा नेहमीचा हिशेब. बुडाला चकसाठी (लेथवर लाकूड पकडणारे जबडे) १३५ मिमीचा खुंट ठेवला. वजन ६.७४ किलो.

पुढच्या नोंदींत दोन शब्द सारखे येतील. फाळीतून काढलेल्या वाडग्यात रेशे आडवे, एकाच दिशेनं धावतात. त्यामुळे भिंतीच्या समोरासमोरच्या दोन भागांत रेशांची कापलेली टोकं बाहेर येतात, तिला ‘टोकाची बाजू’ म्हटलं आहे. उरलेल्या दोन भागांत रेशे भिंतीच्या कडेनं धावतात, ती ‘कुशीची बाजू’. टोकाच्या दोन्ही बाजूंना आणि काठाला आतबाहेर मेण लावलं, कारण पाणी तिथूनच सर्वांत वेगानं जातं. कूस उघडी. खोक्यात स्वतःच्याच भुश्यात ठेवायची पद्धत आहे, पण भुसा ओला राहून फिक्या लाकडावर काळे डाग पडतात, म्हणून नुसत्या कागदात गुंडाळला.

११ मार्च : वजन थांबलं

शेवटची तीन वजनं, दहा-दहा दिवसांच्या अंतरानं : ३.९३, ३.९१, ३.९१ किलो. वाळला. व्यास रेशाच्या दिशेनं ४१९, आडवा ४०८. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, रुंदीत आकसतं, म्हणून वाडगा अंडाकृती. त्यातल्या त्यात शिवण सौम्य. तडा एकही नाही.

१३ मार्च : पुन्हा लेथवर

खुंटही अंडाकृती झालेला असतो, तो तसाच चकमध्ये आवळला की वाडगा डगमगतो. आधी वाडगा उलटा करून गादी लावलेल्या तबकडीवर टेकवला, मागच्या सेंटरनं (लेथच्या मागच्या टोकाची अणी) बुडाशी दाबून धरला, खुंट पुन्हा गोल करून १३० वर आणला. मग चक. सुरुवात मिनिटाला ३५० फेऱ्यांवर, तोल सुधारल्यावर ६००.

या दिवसाचं खरं काम म्हणजे नक्षीसाठी पट्टा ठेवणं. पट्टा काठापासून २२ मिमी खाली, ६० मिमी रुंद आणि भिंतीच्या वळणापेक्षा ६ मिमी वर उठलेला. त्याच्या वरच्या कडेला व्यास ४००, खालच्या कडेला ३७२. पट्ट्याच्या वर आणि खाली भिंत शेवटच्या मापाला उतरवून टाकली. याचा उपयोग असा की नक्षीची जमीन, म्हणजे वेलीभोवतीचा खाली उतरवलेला भाग, नेमकी किती खोल न्यायची हे वर-खालच्या कातलेल्या भिंतीवरून आपोआप ठरतं. पट्टा न ठेवता सपाट भिंतीत वेल खोदली, तर जमीन खोल जायला आधार काहीच नसतो. ती एका जागी ५, दुसऱ्या जागी ७ मिमी होते आणि उजेड तिरपा पडला की सगळा वाडगा खड्ड्याखड्ड्यांचा दिसतो.

पट्ट्याच्या दोन्ही कडांना बारीक किनार ठेवायचा मोह होतो, छान चौकट मिळते. ठेवली नाही. किनार राहिली की फर्मा (जमिनीचं वळण तपासायचा साचा) टेकवायला जागा उरत नाही आणि वर सांगितलेला सगळा फायदा गेला. त्याऐवजी पट्टा जिथे भिंतीला भेटतो त्या कोपऱ्यात अर्धा मिमी खोल बारीक रेघ कातली. कोरलेली जमीन आणि कातलेली भिंत यांचा सांधा त्या रेघेत लपतो.

आतली बाजू आजच पूर्ण केली. पट्ट्यापाशी भिंत १७ मिमी, म्हणजे ६ उठाव आणि ११ शिल्लक. पॉलिश पेपर फक्त आतून. बाहेरून अजिबात नाही, कारण पेपरचे कण लाकडाच्या छिद्रांत अडकतात आणि नंतर पटाशीच्या धारेवर पांढऱ्या ओरखड्यांच्या रूपानं दर्शन देतात.

जमिनीच्या वळणाचा फर्माही आजच कापला, २ मिमी जाड पुठ्ठ्याचा. पट्ट्याच्या वर आणि खाली कातलेल्या भागावर टेकतो, मधे जमिनीची वक्रता दाखवतो.

१४ मार्च : आखणी

परीघ ४०० × ३.१४१६ = १२५६.६ मिमी. बारा घरं केली, लेथच्या २४ खाचांच्या तबकडीवर एक सोडून एक. वरच्या कडेला घर १०४.७ मिमी, खालच्या कडेला ९७.४. कंपासनं घर मोजत फिरलं तर प्रत्येक पावलाला अर्धा मिमी चूक म्हणजे शेवटच्या घरात ६ मिमीचा घोळ, आणि तो नेमका पान तोडून भरून काढावा लागतो. खाचा वापरा.

कागदावर सरळ पट्टी काढून ती वाडग्याला गुंडाळता येत नाही. पट्टा शंकूचा तुकडा आहे, उलगडला की कमान होतो. कमानीची त्रिज्या : पट्ट्याची तिरपी रुंदी गुणिले मोठा व्यास, भागिले दोन्ही व्यासांतला फरक. ६० × ४०० ÷ २८ = ८५७ मिमी. आतली कमान ८५७ वजा ६०, म्हणजे ७९७. पूर्ण पट्टा उलगडून ८४ अंश भरतो, एका घराला बरोबर ७ अंश. दोऱ्याला पेन्सिल बांधून कमान काढू नये, दोरा ताणला जातो. पातळ लाकडी पट्टीला दोन भोकं पाडून त्यानं काढली.

तरीही कागद पूर्ण बसत नाही. पट्टा उभ्या दिशेनंही फुगीर आहे (सुमारे १५० मिमी त्रिज्येनं), ६० मिमीत मधे ३ मिमी फुगवटा येतो. त्यामुळे मधला परीघ सरळ शंकूपेक्षा १८ मिमी मोठा. कागदाचे बारा वेगळे तुकडे चिकटवले, तेव्हा प्रत्येक सांध्यात मधोमध दीड मिमीची डोळ्याच्या आकाराची फट राहिली. वेलीचा देठ ती फट ओलांडतो तिथे पेन्सिलनं हातानं जोडला. अख्खा कागद दामटून बसवला असता तर सुरकुत्या पानांवर आल्या असत्या.

वेल साधी : लाटेसारखा देठ, प्रत्येक घरात एक पान वर, एक पान खाली. पानांची वळणं आधी चित्रात सुंदर काढून मग त्यांना जुळणारं हत्यार शोधायचं नाही. उलट केलं. ज्या गोल पटाश्या आहेत त्यांची धार कागदावर दाबून ठसे घेतले आणि त्या ठशांतूनच पान जुळवलं. पानाचा बाहेरचा पोट नंबर ५ ची १२ मिमी पटाशी, आतला खळगा नंबर ७ ची ६ मिमी. नंबर जितका मोठा, वळण तितकं खोल. असं केल्यानं पानाची कड एकेका ठोक्यात स्वच्छ बसते, कुरतडावी लागत नाही.

१५ मार्च : रेशाच्या दिशा

घरांना घड्याळासारखे आकडे दिले. १२ आणि ६ टोकाच्या बाजू, ३ आणि ९ कुशीच्या. पट्ट्याच्या वरच्या भिंतीवर पेन्सिलनं बाण काढले. बाहेरची भिंत फुगीर असल्यानं सुलटी दिशा (रेशे न उपसता पटाशी चालते ती) नेहमी कुशीकडून टोकाकडे : ३ पासून १२ आणि ६ कडे, ९ पासूनही तसंच. म्हणजे एका फेरीत पटाशीची दिशा चारदा बदलते. बाण नसतील तर सवयीनं हात एकाच दिशेनं चालतो आणि दुसऱ्याच चतुर्थांशात लाकूड उपसून निघतं.

याच कारणानं सगळी घरं हुबेहूब सारखी काढली नाहीत. ३ आणि ९ मध्ये देठ आडवा असेल तिथे मजबूत, कारण रेशे त्याच्या लांबीनं आहेत, पण उभं टोक कमकुवत. १२ आणि ६ मध्ये रेशे भिंतीला काटकोनात, ब्रशच्या केसांसारखे उभे. तिथे बारीक देठ कुठल्याही दिशेनं ठेवला तरी चुरगळतो. म्हणून देठाची जाडी कुशीत ३ मिमी, टोकाकडे हळूहळू वाढवत ४.५. पाहणाऱ्याला फरक कळत नाही, वेल तिथे जरा भरलेली वाटते एवढंच.

१७ मार्च : धार आणि बैठक

शिवण मऊ. नवख्याला वाटतं मऊ लाकूड सोपं. कठीण लाकूड बोथट धारेला निदान विरोध तरी करतं, मऊ लाकूड दबतं आणि मग चुरा होतं. सगळ्या पटाश्यांचा उतार २० अंशांवर आणला. शेवटी चामड्यावर परजली. परीक्षा : फेकायच्या तुकड्याच्या टोकाच्या बाजूवर आडवा काप. काप चकचकीत आला तर धार बरोबर, मधे पांढरी रेघ दिसली तर धारेला तिथे दाता पडलाय. काम चालू असताना दर १०-१५ मिनिटांनी पुन्हा परजायचं.

वाडगा चकवरून सोडला नाही, चकसकट लेथवरून उतरवला. बाकाला १०० × १०० मिमीचा तिरपा खांब आवळून त्यात एम ३३ × ३.५ चा बोल्ट बसवलाय, लेथच्या स्पिंडलचेच आटे, चक त्यावर चढतं. लेथवरच खाचेची खिट्टी लावून कोरता येतं, पण मोगरीचे ठोके बेअरिंगवर जातात आणि खिट्टी ही घरं मोजायला असते, धक्के सोसायला नाही. वाडग्याच्या आत वाळूची पिशवी भरली. तिच्याशिवाय ११ मिमीची भिंत ठोक्याला ढोलासारखी वाजते, आणि वाजते म्हणजे ठोक्यातली ताकद उसळून वाया जाते.

चक रोज सुरू करण्यापूर्वी पाव फेरा आवळून पाहायचं. मऊ खुंट जबड्यांत दबत जातो.

१८ ते २० मार्च : कड काढणं

६० अंशांच्या व्ही पटाशीनं रेघेच्या दीड मिमी बाहेरून, ३ मिमी खोल चर. मग गोल पटाशी उभी धरून पानाची कड बसवली, हत्यार किंचित बाहेर झुकवून, म्हणजे पान खालती रुंद राहतं. पुन्हा चराच्या बाहेरचं लाकूड काढायचं, पुन्हा कड. ६ मिमी एका दमात ठोकायची नाही. पटाशीची जाडी पाचरीसारखी घुसते, ढलपी बाहेर सरकायला जागा नसेल तर दाब पानाच्या पोटात जातो. कुशीच्या बाजूला तर रेशातून सरळ चीर पानात शिरते.

२१ मार्च : खोलीचे खड्डे, आणि चूक

जमीन किती राहिली हे सतत मोजण्यापेक्षा प्रत्येक घरात आठ खड्डे ड्रिलनं पाडले, ४ मिमीचा बिट, अडकण लावून ५.५ मिमी. खड्ड्याचा तळ दिसेनासा झाला की उरलेला अर्धा मिमी हातानं.

पहिल्या घरात अडकण बिटच्या खांद्यापासून मोजून लावली होती. बिटचं टोक ११८ अंशांचं, ४ मिमीच्या बिटला ते १.२ मिमी पुढे असतं. म्हणजे खड्डे ५.५ नव्हे, ६.७ मिमी गेले, जमिनीच्या ०.७ मिमी खाली. आठ भोकं. जमीन तेवढी खाली घेतली असती तर त्या घरात भिंत आणि नक्षी यांचा सांधा पायरीसारखा दिसला असता. ती भोकं तशीच ठेवली, पुढे जमिनीला ठिपक्यांचा पोत द्यायचाच होता. उरलेल्या ११ घरांत माप टोकापासून धरलं.

२२ ते २७ मार्च : जमीन उतरवणं

कंटाळवाणं काम, पण नक्षी इथेच बनते किंवा बिघडते. नंबर ८ ची १० मिमी पटाशी घेऊन रेशाला आडवं काढत गेलो, आडव्या कापात उपसण्याचा धोका कमी. मग नंबर ३ ची १२ मिमी पटाशी, बाणाच्या दिशेनं, धार तिरपी सरकवत. पाती नुसती ढकलली की टोकाच्या बाजूला रेशे वाकतात, सरकवली की कापले जातात. एका घराला दोन ते सव्वादोन तास, १२ आणि ६ ला तीन.

फर्मा दर चौरस इंचाला एकदा तरी टेकवला. पानांच्या मधल्या अरुंद बेचक्यात फर्मा शिरत नाही, तिथे जमीन हमखास उंच राहते. त्यासाठी पुठ्ठ्याची १० मिमी रुंद चिंधी वेगळी कापली.

कड बसवताना पटाशी जमिनीच्या खाली गेली तर पानाभोवती चाकूनं ओढल्यासारखी रेघ राहते. कोरडं असताना दिसत नाही, तेल लागलं की काळी उठते. घर ४ आणि ११ मध्ये अशा रेघा सापडल्या. जमीन आणखी पाव मिमी घेऊन काढल्या. पाण्यानं ओला बोळा फिरवून त्या आधीच शोधता येतात, हे ठिपक्यांच्या आधी केलं तर चालतं.

कॅलिपरनं भिंत मोजली : १०.६ ते ११.३ मिमी. पट्ट्याच्या वरच्या कडेला व्यास आता रेशाच्या दिशेनं ४००, आडवा ३९८.८. इतकं लाकूड निघाल्यावर वाडगा हलणारच. जमिनीचं माप भिंतीवरून घेतल्यामुळे त्याचा त्रास झाला नाही, फर्मा भिंतीबरोबरच हलतो.

२८ मार्च

घर ९, वरच्या पानाचं टोक उडालं. कूस, उभं टोक, ३ मिमी रुंदी, जे व्हायचं तेच झालं. निमित्त मात्र टाळता येण्यासारखं होतं : जमिनीतली ढलपी कापून न काढता पटाशीनं उचकटली, हत्याराची पाठ पानावर रेलली. तुकडा वाडग्याखालच्या कापडात सापडला (कापड अंथरण्याचं हेच कारण). पांढरा गोंद काडीनं लावून तुकडा त्याच्याच जागी बसवला, कागदी चिकटपट्टीनं ओढून २४ तास ठेवला. आधी टोक साफ करायचं नाही, तुटलेले रेशे एकमेकांत बसतात म्हणूनच सांधा दिसत नाही. बाहेर आलेला गोंद लगेच पुसला. तो राहिला की तेल पीत नाही आणि फिकट डाग कायमचा.

घर ३ मधल्या दोन्ही टोकांना मग पाठीमागे जाडसर उतार ठेवला.

३० मार्च ते ३ एप्रिल : पानं

६ मिमीच्या उठावात सगळी पानं एकाच उंचीवर ठेवली तर नक्षी बिस्किटासारखी दिसते. देठ पानाखालून जातो तिथे देठ ३ मिमीवर उतरवला, पानाचं टोक एका बाजूला जमिनीपासून २ मिमीवर आणलं, दुसरी कड पूर्ण ६ वर. एवढ्या फरकानं सावली पडते. मधली शीर व्ही पटाशीनं नाही काढली. शिरेच्या दोन्ही बाजूंनी नंबर ५ नं लाकूड उतरवलं, शीर मागे उभी राहिली. व्हीनं काढलेली शीर ओरखड्यासारखी दिसते.

पानांच्या कडा खालून किंचित पोखरल्या, फक्त कुशीच्या आणि तिरप्या घरांत, जेमतेम १ मिमी. १२, १, ११, ५, ६, ७ मध्ये पोखरलं नाही. तिथे आधार काढला की कड बोटाच्या नखानं निघते.

पानांवर पेपर मारला नाही. पटाशीचे पैलू ठेवले.

५ एप्रिल : ठिपके

मोठ्या खिळ्याचं डोकं सपाट घासून त्यावर कानशीनं आडव्या-उभ्या रेघा पाडल्या, नऊ टोकं उठली. हातोडीचा हलका ठोका, दर ठोक्याला खिळा थोडा फिरवायचा, नाहीतर ठिपक्यांच्या रांगा दिसतात. कुशीत ठसा सहज उमटतो. टोकाच्या बाजूला जोर दीडपट लागतो. पहिल्या घरातली ती आठ भोकं भोवतीच्या कडा चेपल्यावर पोतात मिसळली. शोधायला गेलं तर सापडतात.

ठिपक्यांनंतर वाडग्याला पाणी लावायचं नाही. दाबलेला रेशा ओलाव्यानं फुगून वर येतो आणि पोत अर्धा नाहीसा होतो.

६ एप्रिल

पट्ट्याबाहेरची भिंत हातानं पॉलिश पेपरनं, १५० पासून ३२० पर्यंत. लेथ चालू करून नाही. फिरत्या वाडग्यावर पेपर धरला तर पानांच्या कडा गोल होतात, आणि बोटं पानांना लागतात ते वेगळंच.

८ ते २२ एप्रिल : तेल

जवसाचं उकळलेलं तेल, पहिला हात टर्पेंटाइननं निम्मा पातळ केलेला. टोकाच्या बाजू तेल जास्त पितात आणि गडद होतात, म्हणून तिथे आधी पातळ लाखेचा एक हात दिला होता. तरी १२ आणि ६ एक छटा गडद आहेतच. कोपऱ्यांतलं तेल १५ मिनिटांनी कोरड्या ब्रशनं उचललं, राहिलं तर चिकट साय धरते. एकूण तीन हात, मधे चार-चार दिवस. मेण दिलं नाही, ठिपक्यांत पांढरं साचून राहतं.

तेलाचे बोळे घडी करून टाकायचे नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा केलेला बोळा आपोआप पेटू शकतो. एकेक पसरून दगडावर वाळवले.

२४ एप्रिल

वाडगा उलटा तबकडीवर, बुडाचा खुंट काढून तळ किंचित खोलगट केला, ४०० फेऱ्या. मागचा सेंटर काढल्यावर राहिलेला २० मिमीचा ठोकळा पटाशीनं. वजन १.०८ किलो. व्यास ४०० आणि ३९८.५. घर ९ चं चिकटवलेलं टोक तेलाखाली दिसत नाही. घर ४ मध्ये खालच्या पानाशेजारी एक काळी रेघ राहून गेली आहे, साधारण ७ मिमी लांब.